प्रत्यय

ट्रोम्सोच्या न्यायालयात मी दुभाषी म्हणून बसते.
एरवी मासेमारीचे परवाने, घटस्फोट,
रेनडिअरच्या कानांवरल्या खुणांची भांडणं.
त्या नोव्हेंबरात गाद्या विकणारी एक कंपनी आली,
आणि तिच्यासमोर गारेनाबाई, वय एक्याऐंशी,
कातडी बुटांत वाळलं गवत भरून.

जाहिरात सगळ्यांना दाखवली. तीस सेकंद.
पांढरी खोली, पांढरी उशी, गाढ झोपलेली बाई
आणि मागे एक आवाज, शब्दांवाचून,
चढतो, अडखळतो, परत चढतो
दगडांवरून उड्या मारत निघालेल्या पोरासारखा.
आवाज गारेनाबाईंच्या आईचा.
अठ्ठावन्न साली कुणी संग्राहक आला होता,
कॉफी घेतली, यंत्र लावलं, आभार मानले,
फितीच्या डबीवर लिहिलं:
लोकपरंपरा. कर्ता अज्ञात.

वकिलानं विचारलं, हा जोइक कुणाचा?
मी विचारलं, आमच्या भाषेत.
"हेआइकाचा. माझ्या भावाचा."
म्हणजे रचला त्यानं?
"छे. तो नऊ वर्षांचा होता."
मग त्याच्याविषयी रचला?

इथे मी अडले.
त्यांच्या भाषेत माणसाविषयी गातात.
आम्ही माणसालाच गातो.
पाणी पितात तसं;
पाण्याविषयी कुणी पीत नाही.
वसतिगृहाच्या शाळेत सात वर्षं माझी जीभ धुतली,
पुढे संध्याकाळच्या वर्गात मी ती परत शिकले
तक्ते पाठ करकरून.
तक्त्यात तो प्रत्यय होता.
त्याचा प्रत्यय नव्हता.

कंपनीचा वकील वाईट नव्हता, मुलगाच होता,
टाय सारखा सैल करायचा.
म्हणाला, ज्याला कर्ता नाही त्याला मालक नाही,
आणि ज्याच्याविषयी गाणं, त्याला कायद्यात जागा नाही;
नाहीतर उद्या डोंगर येतील हक्क मागायला.
थोडे लोक हसले.
गारेनाबाईंनी विचारलं, काय म्हणाला?
मी सांगितलं.
त्या म्हणाल्या, "डोंगरांना विचारायचंच असतं की."
हे मी नॉर्वेजियनमध्ये सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही,
कुणी लिहूनही घेतलं नाही.

नुकसान किती? आकडा?
बाईंनी बोटं मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं.
"रोज रात्री बातम्या संपल्या की
अनोळखी घरांतून त्याला हाक मारतात,
तीही आईच्या आवाजात.
पोर धावत जातं.
दार कुणी उघडत नाही.
चार महिने झाले. दमला असेल."

न्यायाधीशबाईंनी पाणी प्यायल्या.
मग अगदी मऊपणे म्हणाल्या:
तुलनेसाठी, साक्षीदार तो जोइक
इथे म्हणून दाखवतील का?

गारेनाबाईंनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"इथे बोलावू त्याला?
मे महिन्यात तळ्याचा बर्फ फसवा असतो, तुला ठाऊक आहे.
त्याचे पाय ओले आहेत.
या गालिच्यावर उभा करू, एवढ्या परक्या माणसांत?"

मी शब्दाला शब्द लावला.
'ओले' नीट सांगितलं.
नोंद झाली: साक्षीदाराचा नकार.
मग कुणालाच काही सुचेना,
आणि भिंतीवरचं घड्याळ बरंच पुढे गेलं.

निकाल फेब्रुवारीत.
तोवर जाहिरातीतला आवाज काढलाय,
तिथे आता पियानो आहे.

मी त्यांना गाडीतून सोडायला निघाले. दुपारचे दोन, अंधार पडलेला.
काचेवरचं बर्फ खरवडून आत बसले तर
बाई पुटपुटत होत्या, दोन-तीनच सूर,
अध्येच सुरू झालेले, अध्येच थांबणारे.
मला म्हणाल्या, "हीटर वाढव गं."

आणि मागे वळून
सीटवरची आपली पिशवी उचलून
मांडीवर घेतली.